विद्यार्जन आणि क्रीडासाधना : दोन वेळापत्रकांचा प्रश्न

१. विषयप्रवेश

विद्यापीठाची पदवी आणि आंतरराष्ट्रीय दर्जाचे क्रीडानैपुण्य या दोन्ही गोष्टी बहुधा एकाच वयात साधाव्या लागतात, ही प्रस्तुत विषयाची मूळ अडचण होय. साधारणतः अठरा ते पंचवीस ही वर्षे बहुतेक क्रीडाप्रकारांत शरीरसामर्थ्याच्या उत्कर्षाची असतात. समाजाने उच्च शिक्षणासाठी राखून ठेवलेली वर्षेही नेमकी हीच. वकिली किंवा व्यापार मनुष्याला चाळिशीत आरंभिता येतो. शंभर मीटरची शर्यत येत नाही. पदवी तिशीनंतरही घेता येते हे खरे. परंतु तोपर्यंत संसार आणि उपजीविका यांचा भार अंगावर आलेला असतो, आणि पुष्कळदा ती पदवी मग राहून जाते ती कायमचीच.

या अडचणीवर आपल्याकडे सामान्यतः जे उत्तर दिले जाते ते उपदेशाच्या स्वरूपाचे असते. मनोनिग्रह असला, वेळेचे नियोजन नीट केले, पहाटे उठण्याची सवय लावली, की दोन्ही गोष्टी साधतात, असे विद्यार्थ्यास सांगण्यात येते. हा उपदेश खोटा नाही, पण तो अपुरा आहे. दोन साधनांमधील समतोल हा मुख्यतः विद्यार्थ्याच्या अंगचा गुण नसून तो व्यवस्थेचा गुण आहे, आणि ज्यांच्या हाती वेळापत्रके असतात त्यांनीच तो निर्माण करावयाचा असतो, हे प्रतिपादन येथे करावयाचे आहे. हा विषय क्रीडाशिक्षकांचा म्हणून आपण अध्यापक तो सहसा दूर सारतो. परंतु हजेरीपट आपल्या हातात असतो, अंतर्गत मूल्यमापनाच्या तारखा आपण ठरवितो. तेव्हा हा विषय आपलाही आहे.

विवेचन अधांतरी राहू नये म्हणून एक स्थळ डोळ्यांसमोर ठेवू. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागात, महाड तालुक्यात, काळ नदीच्या काठी बिरवाडी हे गाव आहे. शेजारीच महाडची औद्योगिक वसाहत. एका अंगाला रायगडाचा डोंगराळ मुलूख, दुसऱ्या अंगाला पोलादपूरकडे चढत जाणारा रस्ता. कबड्डी हा या पट्ट्यातील गावोगावचा खेळ. १९६१ साली स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय महाडास आहे आणि ते मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे. आता बिरवाडीची एखादी विद्यार्थिनी कल्पावी : पदवीच्या दुसऱ्या वर्षात शिकणारी, कबड्डीत राज्य पातळीपर्यंत पोहोचलेली आणि भारतीय संघाच्या निवडीकडे दृष्टी लावून बसलेली. मुंबई तिच्यापासून पावणेदोनशे किलोमीटरांच्या घरात. सरावाची मोठी शिबिरे त्याहूनही दूर. व्यक्ती म्हणून ती काल्पनिक असली तरी तिची परिस्थिती काल्पनिक नाही. पुढील प्रत्येक विधान तिच्या संदर्भात तपासून पाहावे, अशी वाचकांस विनंती आहे.

२. शब्दांची साक्ष

विद्या आणि क्रीडा ही परस्परविरोधी क्षेत्रे आहेत हा समज किती जुना आहे, याचा शोध भाषेत घेतला असता एक मनोरंजक गोष्ट आढळते. मराठीत कुस्तीगिराच्या साधनेच्या जागेला आपण ‘तालीम’ म्हणतो. हा शब्द मूळ अरबी असून ‘जाणणे’ या अर्थाच्या धातूपासून तो सिद्ध झाला आहे. त्याचा मूलार्थ ‘शिकविणे, शिक्षण’ असाच आहे, आणि हिंदी-उर्दूत तो आजही शाळा-महाविद्यालयांतील शिक्षणासाठी योजिला जातो. मराठीने तो लाल मातीच्या हौद्यात नेला आणि नाटकाच्या सरावालाही लावला. तालमीतला ‘वस्ताद’ म्हणजे फारसीतील ‘उस्ताद’, अर्थात गुरू.

याच्या उलट प्रवास ‘अभ्यास’ या शब्दाचा. संस्कृतात त्याचा मूलार्थ पुनःपुन्हा करणे असा आहे. म्हणूनच पाणिनीय परंपरेत धातूच्या द्विरुक्तीतील पहिल्या भागास ‘अभ्यास’ ही संज्ञा आहे, आणि म्हणूनच धनुर्धराच्या शरसंधानाच्या सरावासही संस्कृतात हाच शब्द चालतो. मराठीत मात्र ‘अभ्यास’ पुस्तकापाशी येऊन बसला. मूल ‘अभ्यासाला बसते’, ते मैदानावर ‘अभ्यास’ करीत नाही. तेथे ते ‘सराव’ करते. अशा रीतीने शिक्षणवाचक शब्द तालमीत गेला आणि सराववाचक शब्द ग्रंथालयात आला. दोन घरांनी आपापली भांडी सहज अदलाबदल करावीत तसा हा प्रकार आहे, आणि ज्यांच्यात वैर असते त्या घरांत अशी देवाणघेवाण होत नाही.

मराठीबाहेरही असेच दिसते. ग्रीकांचे ‘गिम्नासिओन’ हे व्यायामाचे स्थान. अथेन्समध्ये प्लेटोची अकादमी आणि ॲरिस्टॉटलचे लायसीयम ही दोन्ही अशाच व्यायामस्थानांच्या परिसरात वाढली. जर्मन भाषेत ‘गिम्नाझियम’ म्हणजे विद्यापीठीय शिक्षणाची पूर्वतयारी करून देणारी शाळा, तर इंग्रजीत तोच शब्द व्यायामशाळेसाठी रूढ झाला.

शब्दांच्या इतिहासावरून समाजाचा इतिहास सिद्ध होत नाही, याची जाणीव भाषाशास्त्राच्या अभ्यासकास असावयास हवी. तथापि एवढे म्हणावयास प्रत्यवाय नाही की, नियमबद्ध पुनरावृत्तीने कौशल्य अंगी बाणविणे ही कल्पना दोन्हींकडे समान आहे. विरोध आहे तो साधनांच्या स्वरूपात नाही. तो वेळापत्रकांत आहे. हा भेद ध्यानात घेतला म्हणजे पुढील उदाहरणांचा अर्थ नीट लागतो.

३. खाशाबा जाधव : एका प्राचार्याचे घर

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर महाविद्यालय आणि आंतरराष्ट्रीय क्रीडा यांच्या संबंधाचे सर्वांत बोलके उदाहरण खाशाबा दादासाहेब जाधव यांचे आहे. १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळील गोळेश्वर येथे त्यांचा जन्म झाला. कराडच्या टिळक हायस्कुलात शालेय शिक्षण आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात पुढील शिक्षण, असा त्यांचा क्रम होता. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते फ्लायवेट गटात उतरले आणि सहावे आले. त्या प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला होता. मातीत वाढलेल्या या मल्लाला गादीवरची कुस्ती आणि तिचे आंतरराष्ट्रीय नियम दोन्ही नवे होते. म्हणजे लंडनला त्यांना स्पर्धा करता करताच शिकावेही लागले.

१९५२ साली हेलसिंकीला जावयाचे होते. सरकारी साहाय्य अपुरे होते. लोकवर्गणी गोळा करण्यात आली. या प्रसंगी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅ. बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयास आज त्यांचे नाव आहे. खाशाबांनी बँटमवेट गटात कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरविले. जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद मम्मदबेयोव्ह यांच्याशी मात्र त्यांना हार पत्करावी लागली. इशींशी झालेल्या दीर्घ कुस्तीनंतर नियमाप्रमाणे मिळावयाची विश्रांती खाशाबांना मिळाली नाही आणि ती मागण्यास भारतीय पथकाचा कोणी अधिकारी तेथे नव्हता, असे त्या प्रसंगाच्या वृत्तान्तांत सांगितले जाते. कांस्यपदक मिळाले, स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी देशास १९९६ पर्यंत, म्हणजे चव्वेचाळीस वर्षे थांबावे लागले.

ही कथा आपण औदार्याची कथा म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. परंतु संशोधकाच्या दृष्टीने तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. महाविद्यालयाकडे आपल्या विद्यार्थ्यास जागतिक स्पर्धेस पाठविण्याची कोणतीही तरतूद नव्हती, म्हणून महाविद्यालयाच्या प्रमुखाला आपले घर गहाण टाकावे लागले. हेलसिंकीत नियम सांगणारा माणूस नव्हता, म्हणून थकलेल्या मल्लाला लगेच पुन्हा उतरावे लागले. दोन्ही ठिकाणी व्यक्ती उभी राहिली आणि व्यवस्था अनुपस्थित राहिली. पुढे १९५५ साली खाशाबा पोलीस दलात उपनिरीक्षक झाले, साहाय्यक आयुक्त या पदावरून निवृत्त झाले, आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. त्यांचे उत्तरायुष्य आर्थिक विवंचनेत गेले. व्यक्तीच्या औदार्यावर उभारलेल्या पुलावरून एक मनुष्य एकदा पलीकडे जाऊ शकतो. तो पूल पुढच्यांसाठी टिकत नाही.

४. ज्यांना दोन्ही साधले त्यांचे गणित

‘ज्यांना जमले त्यांचे काय?’ असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो रास्त आहे. म्हणून दोन उदाहरणे बारकाईने पाहू.

पहिले घरचेच. प्रा. दि. ब. देवधर (१८९२–१९९३) हे पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक होते आणि त्याच काळात भारतातील अग्रगण्य फलंदाजांपैकी एक होते. १९२६ साली गिलिगन यांच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध मुंबईत त्यांनी १४८ धावा काढल्या. १९३९-४० आणि १९४०-४१ या लागोपाठच्या दोन हंगामांत त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला. पन्नाशीच्या उंबरठ्यावरील संस्कृतचा अध्यापक देशातील सर्वोच्च स्पर्धा जिंकतो, हे आज अद्भुत वाटते. परंतु त्या काळी प्रथम दर्जाचे सामने हंगामात मोजकेच असत, ते बहुधा हिवाळ्यात होत, आणि वर्षभर चालणारी शिबिरे नव्हती. देवधरांच्या निग्रहाविषयी पूर्ण आदर बाळगूनही म्हणता येईल की, त्यांची दोन वेळापत्रके एकमेकांवर फारशी आदळत नव्हती.

दुसरे उदाहरण इंग्लंडमधील रॉजर बॅनिस्टर यांचे. खाशाबांच्याच हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ते १५०० मीटरच्या शर्यतीत धावले. त्या वेळी ते वैद्यकाचे विद्यार्थी होते, आणि दिवसाकाठी मिळणाऱ्या थोड्या वेळात अल्प पण तीव्र असा सराव करीत. स्पर्धेच्या थोडे आधी त्या शर्यतीत उपान्त्य फेरीची भर पडली. लागोपाठच्या दिवशी धावण्यास तेवढा सराव पुरला नाही आणि बॅनिस्टर चौथे आले. विद्यार्जनाची किंमत त्यांनी पदकाच्या रूपाने मोजली, असे म्हणता येईल. पुढे ६ मे १९५४ रोजी सकाळी लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातील काम आटोपून ते आगगाडीने ऑक्सफर्डला गेले आणि सायंकाळी ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत त्यांनी एक मैल अंतर तोडले. चार मिनिटांच्या आत मैल धावणारे ते पहिले पुरुष. त्याच वर्षाअखेर त्यांनी स्पर्धात्मक धावणे सोडले, आणि पुढे मज्जातंतुविकारांचे तज्ज्ञ म्हणून त्यांनी दीर्घ काळ काम केले.

बॅनिस्टरांच्या यशाची सामग्रीही मोजून पाहावी. त्यांचा क्रीडाप्रकार असा की थोड्या वेळात तीव्र सराव करता येई. धावपट्टी आणि रुग्णालय एकाच शहरात होती. त्यांचे शिक्षण त्यांच्या मातृभाषेत, उत्तम ग्रंथालयांच्या सान्निध्यात चालले होते. यांतील एकही गोष्ट बिरवाडीच्या आपल्या विद्यार्थिनीजवळ नाही. कबड्डी हा सांघिक खेळ असल्याने तो एकट्याने सवडीनुसार खेळता येत नाही. सात जणींची वेळ जुळावी लागते, आणि राष्ट्रीय सरावासाठी शिबिरात राहावे लागते. शिवाय तिच्या काळातील स्पर्धेचा दर्जा असा आहे की, अर्ध्या तासाच्या सरावावर कोणी भारतीय संघात येत नाही.

५. आठवड्याचे अंकगणित

आता हिशेब मांडू. २०२३ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याच्या अध्ययनाचे तीस तास. वर्षाचे चाळीस श्रेयांक, म्हणजे बाराशे तास. एका सत्राचे वीस श्रेयांक, म्हणजे सहाशे तास. हे तास सत्राच्या पंधरा आठवड्यांत वाटले तर आठवड्यास चाळीस तास येतात. त्यांत तासिका, वाचन, लेखन, परीक्षेची तयारी सर्व काही आले.

आठवड्याचे एकूण तास १६८. उच्च पातळीच्या खेळाडूचा सराव रोज चार तासांप्रमाणे सहा दिवसांचा, म्हणजे २४ तास, धरला. हा अंदाज संयमित आहे. अमेरिकेतील विद्यापीठीय क्रीडासंघटनेने १९९१ पासून हंगामात अनिवार्य सरावावर आठवड्यास वीस तासांची मर्यादा घातली आहे, आणि प्रत्यक्षात खेळाडू त्याहून अधिक वेळ देतात अशी तक्रार तेथे वारंवार होते. झोपेचे ५६ तास धरले. खेळाडूस त्याहून कमी झोप चालत नाही. अध्ययन, सराव आणि झोप मिळून १२० तास झाले; उरले ४८. स्नान, भोजन आदि नित्यकर्मांचे रोज तीन तासांप्रमाणे २१ वजा केले की २७. गाव, महाविद्यालय आणि मैदान यांमधील येण्याजाण्याचे सहा दिवसांचे १२ तास वजा केले की १५. घरकामाचे रोज दोन तास — आणि मुलीच्या बाबतीत ते गृहीत धरावेच लागतात — म्हणजे १४ तास वजा केले की उरला एक तास.

हा झाला साधा आठवडा. आता तिची तीन आठवड्यांच्या शिबिरासाठी निवड झाली असे समजा. शिबिरात अध्ययन होत नाही असे धरले तर १२० तास बुडतात. ते उरलेल्या बारा आठवड्यांत भरून काढावयाचे तर दर आठवड्यास दहा तास अधिक हवेत. हाती आहे एक. येथे मनोनिग्रहाचा उपदेश संपतो. नऊ तासांची ही तूट कोणत्याही निग्रहाने भरून येणार नाही. ती झोपेतून तरी काढावी लागेल, सरावातून तरी, अथवा शिक्षणातून तरी. बहुधा ती शिक्षणातून निघते, कारण त्या कपातीचा परिणाम सर्वांत उशिरा दिसतो.

यावर असे म्हणण्यात येईल की स्पर्धा अनपेक्षित येतात. विद्यापीठाने काय करावे? परंतु त्या अनपेक्षित नसतात. आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डीचा समावेश १९९० साली बीजिंग येथे झाला, महिलांच्या कबड्डीचा २०१० साली ग्वांगझू येथे. ग्वांगझूच्या स्पर्धा नोव्हेंबरात झाल्या. २०१४ च्या इंचॉन येथील सप्टेंबर-ऑक्टोबरात. २०१८ च्या जकार्ता-पालेमबांग येथील ऑगस्ट-सप्टेंबरात. आणि २०२२ साठी योजलेल्या हांगझौच्या स्पर्धा पुढे ढकलल्या जाऊन २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात. चारही वेळा त्या आपल्या पहिल्या सत्रातच आल्या, आणि त्यांच्या तारखा पुष्कळ आधी जाहीर झालेल्या होत्या. जी टक्कर इतकी आधी दिसते तिला अपघात म्हणता येत नाही.

६. ‘मी कोण?’ हा प्रश्न

वेळेचा हिशेब हा या विषयाचा बाह्य भाग. त्याचा आंतरिक भाग मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी उलगडून दाखविला आहे. पॉल वायलमन आणि डेव्हिड लाव्हाली यांनी २००४ साली खेळाडूच्या जीवनक्रमाची जी मांडणी केली तिच्यात चार पातळ्या समांतर ठेवल्या आहेत : क्रीडेची, मानसिक विकासाची, सामाजिक संबंधांची, आणि शिक्षण व व्यवसायाची. प्रत्येक पातळीवर स्थित्यंतरे येतात. अनेक स्थित्यंतरे एकाच वेळी आली की भार असह्य होतो. गाव सोडून शहरात येणे, कनिष्ठ गटातून वरिष्ठ गटात जाणे आणि शालेय शिक्षणातून विद्यापीठीय शिक्षणात येणे ही तीन स्थित्यंतरे सामान्यतः एका-दोन वर्षांच्या आत घडतात. म्हणून पदवीचे पहिले वर्ष खेळाडूस सर्वांत धोक्याचे.

दुसरी संकल्पना ब्रूअर, व्हॅन राल्टे आणि लिंडर यांनी १९९३ मध्ये मांडली. तिला आपण ‘क्रीडा-अस्मिता’ म्हणू. ‘मी खेळाडू आहे’ ही जाणीव जितकी प्रबळ, तितकी सरावातील निष्ठा अधिक; पण तीच एकमेव जाणीव झाली तर दुखापतीने वा निवृत्तीने मनुष्याचा सारा आधारच जातो. गुडघ्याचा एक स्नायुबंध तुटला की बाविसाव्या वर्षी कबड्डी संपू शकते. त्या दिवशी ‘मी इतिहासाची विद्यार्थिनीही आहे’ असे प्रामाणिकपणे म्हणता येणे, हा पदवीच्या कागदाहून मोठा आधार असतो. शिक्षण हे खेळाडूचे उपजीविकेचे विमापत्र आहे असे म्हटले जाते ते खरेच; पण ते त्याच्या व्यक्तित्वाचा दुसरा पायही आहे.

याच विषयाच्या अभ्यासकांनी तीन मार्ग वर्णिले आहेत. पहिला एकरेषीय, म्हणजे केवळ खेळ. दुसरा अभिसारी, म्हणजे खेळास अग्रक्रम देऊन शिक्षण धीम्या गतीने चालू ठेवणे. तिसरा समांतर, म्हणजे दोहोंस सारखेच महत्त्व. आपली विद्यापीठे व्यवहारात पहिला आणि तिसरा एवढेच मार्ग मानतात. एक तर सर्वांबरोबर, सर्वांच्या गतीने शिका; नाही तर सोडून द्या. बहुसंख्य खेळाडूंना झेपेल असा जो मधला मार्ग, तोच आपल्याकडे अरुंद आहे.

त्याची जागा आपल्याकडे नोकरीने घेतली. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल त्रिस्थिती प्रकारात कांस्यपदक मिळविले. खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे वैयक्तिक ऑलिंपिक पदक बहात्तर वर्षांनी आले. त्यांची घडण शासनाच्या क्रीडाप्रबोधिनीत झाली आणि २०१५ पासून मध्य रेल्वेच्या नोकरीने त्यांना स्थैर्य दिले. रिओ ऑलिंपिकमध्ये (२०१६) तीन हजार मीटर अडथळा शर्यतीच्या अंतिम फेरीत धावलेल्या माणदेशच्या ललिता बाबर यांना राज्यशासनाने उपजिल्हाधिकारी पद दिले. रेल्वे, पोलीस आणि महसूल खाते यांनी खेळाडूस पगार आणि वेळ दिला ही गोष्ट गौरवाची आहे. परंतु पदक मिळविणाऱ्या एकीमागे पदक न मिळालेल्या शेकडो जणी असतात. त्यांना नोकरीचे दार उघडत नाही, आणि विद्यापीठाचे दार तोपर्यंत मिटलेले असते.

७. सवलत आणि सुलभता

खेळाडू-विद्यार्थ्यांविषयीच्या आपल्या परिपत्रकांत एक शब्द हमखास येतो : ‘सवलत’. हजेरीत सवलत, वाढीव गुणांची सवलत, प्रवेशात सवलत. हा शब्दही अरबी-फारसी मार्गाने मराठीत आलेला. त्याचा मूलार्थ ‘सुलभता, सोपेपणा’. मराठीत मात्र त्याला ‘नियमातून मेहेरबानीने दिलेली सूट’ अशी छटा आली. या अर्थांतरातच आपल्या धोरणाचे मर्म सापडते. आपण खेळाडूस सूट देतो. त्याचा मार्ग सुलभ करीत नाही.

दोहोंतील भेद असा. पंचाहत्तर टक्के हजेरीची अट शिथिल केल्याने बुडालेल्या तासिका परत येत नाहीत; विद्यार्थिनी परीक्षेस बसू शकते, पण न शिकलेलेच घेऊन बसते. वाढीव गुणांनी ती उत्तीर्ण होते, पण विषयाचे ज्ञान वाढत नाही. अशी पदवी तिच्या पदरात पडली तर तिच्यावर उपकार झाल्याचे आपण मानतो. वस्तुतः तिची फसवणूक झालेली असते. विद्येचा दर्जा सैल करून खेळाडूला सामावून घेणे हा उपाय नव्हे, कारण दर्जा सैल झालेल्या पदवीचा तिला ऐन गरजेच्या वेळी उपयोग होत नाही.

सुलभतेचा मार्ग वेगळा आहे आणि आता तो नियमांच्या चौकटीतही बसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली शैक्षणिक श्रेयांक बँकेची तरतूद केली. तिच्यात जमा केलेले श्रेयांक सात वर्षांपर्यंत ग्राह्य राहतात. मागील हिशेबाकडे पुन्हा पाहावे. तीन आठवड्यांच्या शिबिराने १२० तास बुडतात. १२० तास म्हणजे चार श्रेयांक. चार श्रेयांक म्हणजे सामान्यतः एक विषय. तेव्हा शिबिर असलेल्या सत्रात पाच विषयांऐवजी चारच घ्यावेत आणि पाचवा विषय पुढील वर्षी पूर्ण दर्जाने, पूर्ण परीक्षेने पुरा करावा. पदवीस एखादे वर्ष अधिक लागेल; तिच्यातला आशय उणा होणार नाही. सूट द्यावी ती काळात, ज्ञानात नव्हे, हे सूत्र यातून निघते.

युरोपीय संघाच्या तज्ज्ञगटाने २०१२ साली खेळाडूंच्या दुहेरी जीवनक्रमासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. त्यांचाही रोख शिक्षणसंस्था, क्रीडासंघटना आणि शासन यांनी एकत्र बसून व्यवस्था आखावी याकडे आहे. आपल्याकडे हे विभागाच्या पातळीवर आरंभिता येईल, आणि त्यासाठी खर्चही फारसा नाही. सत्रारंभी खेळाडू-विद्यार्थ्याचे स्पर्धापत्रक मागवून घ्यावे आणि त्याच्याबरोबर बसून त्या वर्षाची विषययोजना लेखी करावी. एका अध्यापकावर त्याची जबाबदारी सोपवावी, म्हणजे त्यास पाच दारे ठोठवावी लागणार नाहीत. व्याख्यानांची टिपणे आणि वाचनसूची शिबिरात पोहोचेल अशी तजवीज करावी. अंतर्गत परीक्षा स्पर्धेच्या दिवशी आल्यास ती त्याच काठिण्याने पुन्हा घेण्याचा नियम असावा. तो विभागप्रमुखाच्या मर्जीचा विषय नसावा.

श्रेयांक आराखड्याने क्रीडेसही श्रेयांक देण्याची मुभा दिली आहे. तिचा उपयोग विचारपूर्वक व्हावा. खेळाचे श्रेयांक खेळाच्या नावाने मिळावेत. व्याकरणाच्या वा अर्थशास्त्राच्या जागी ते बसवू नयेत. उलट क्रीडेच्या अनुभवातून विद्येचा विषय उभा राहत असेल तर त्याचे स्वागत करावे. कबड्डीपटूने आपल्या परिसरातील खेळाच्या परिभाषेचा, किंवा तालमींच्या सामाजिक इतिहासाचा प्रबंध लिहावा. त्या विषयाची जी सामग्री तिच्यापाशी आहे ती ग्रंथालयात बसलेल्या कोणापाशीही नाही.

८. उपसंहार

सारांश, विद्या आणि क्रीडा यांत तत्त्वतः विरोध नाही. आपल्या भाषेने तर दोन्हींचे शब्द परस्परांस देऊन टाकले आहेत. विरोध आहे तो दोन वेळापत्रकांत, आणि त्यांतील एक आपल्या हाती आहे. देवधरांच्या काळी ती वेळापत्रके क्वचितच एकमेकांवर येत. बॅनिस्टरांनी त्यांच्यामधल्या फटीत आपला विक्रम बसविला. खाशाबांसाठी एका प्राचार्याला घर गहाण टाकावे लागले. ही तिन्ही उदाहरणे थोर आहेत, परंतु त्यांतील एकही नियम म्हणून सांगता येण्यासारखे नाही.

बिरवाडीच्या विद्यार्थिनीला असामान्य प्राचार्याची आवश्यकता पडू नये, एवढे सामान्य नियम चांगले असावेत. तिच्या आठवड्यात एकच तास उरतो, हे आपण पाहिले. त्या एका तासावर आणखी निग्रहाचा भार टाकावयाचा, की पाचवा विषय पुढील वर्षी घेण्याची वाट तिला मोकळी करून द्यावयाची, हा निर्णय तिच्या हातात नाही. तो पुढील सत्राचे वेळापत्रक आखताना आपल्या विभागांच्या सभांतच व्हावयाचा आहे.